राजगड–तोरणा–रायगड चालत: बाबांना (वय ६१) घेऊन जायचंय, प्लॅन जरा तपासून द्या

दहीपोहे

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिलाच आहे, सांभाळून घ्या.

बाबांनी १९८६ च्या डिसेंबरात कॉलेजच्या मित्रांबरोबर राजगड-तोरणा-रायगड केलं होतं. कॅनव्हासचे बूट, आजीने शिवलेली खाकी पिशवी आणि पाच जणांत मिळून एक टॉर्च. ही गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला एकदा होतेच, आणि दरवेळी बोराट्याची नाळ (घाटावरून कोकणात उतरणारी दगडी घळ) थोडी थोडी उभी होत जाते. आता रिटायर झालेत, आणि यंदा म्हणाले, परत जायचं. मी म्हटलं चला.

चौघे आहोत. मी (३३, ऑफिसात बसून काम), बाबा (६१, रोज पाच किमी चालतात, बीपीची अर्धी गोळी), दाजी (४१, जिम) आणि मावसभाऊ (२६, काहीही करतो). प्लॅन असा की शुक्रवारी रात्री पुण्याहून गुंजवण्याला, शनिवारी पहाटे चोर दरवाज्याने राजगड, त्याच दिवशी धारेवरून तोरणा आणि मेंगाई देवीच्या देवळात मुक्काम. रविवारी भट्टी, हारपूड ही गावं करत नाळेच्या वरचं मोहरी. सोमवारी बोराट्याची नाळ उतरून खालचं पाने गाव, तिथून रायगड, आणि रात्री महाडहून एसटीने परत. जानेवारीचा पहिला किंवा दुसरा आठवडा.

तीन दिवसांत बसेल का? पाणी कुठे कुठे मिळतं? वाटाड्या घ्यावा का? बुटांचं टेन्शन नाही, दाजींकडे भारीतले आहेत, सात वर्षांपूर्वी घेतलेले, जेमतेम दोनदा वापरलेत.

निवांत

तीन दिवसांत बसेल. बाबा बसतील का ते बघा.

कातळकडा

निवांतराव, पहिलाच धागा आहे त्याचा, जरा दमाने :)

दहीपोहे, मी हा मार्ग चार वेळा केलाय, त्यातला एकदा अर्धवट सोडून परत आलोय, आणि त्या अर्धवट ट्रेकमध्ये जे शिकलो तेच सांगतो. सगळे जण हा प्लॅन राजगडापासून पुढे पुढे करत जातात. तू नाळेपासून मागे ये. नाळेचं तोंड कोकणाकडे म्हणजे पश्चिमेला, त्यामुळे सकाळी आत सावली असते आणि दुपारी बारा-साडेबारानंतर आतले दगड तव्यासारखे तापायला लागतात. तेव्हा नाळेच्या तोंडाशी सकाळी साडेसातला उभं राहायचंय हे पक्कं धर. म्हणजे आदल्या रात्री मोहरीत झोप हवी, नुसता मुक्काम नाही, झोप. म्हणजे मोहरीत उजेडी पोचायला हवं, जानेवारीत सहा-सव्वासहाला सूर्य जातो. म्हणजे तोरण्यावरून उजाडता उजाडता निघायला हवं. आणि ते जमायचं असेल तर आदल्या दिवशी तोरण्यावर रात्री आठला टॉर्च मारत, पेटके आलेले पाय ओढत पोचून चालणार नाही.

तुझ्या प्लॅनमध्ये नेमकं तेच होणार. गुंजवणे ते राजगड दोन-अडीच तास. पद्मावती माची ते संजीवनी माचीचं टोक हेच मुळात लांबलचक प्रकरण आहे, ती माची अडीचेक किमी आहे, चिलखती बुरूज बघत फोटो काढत गेलात तर तास सव्वातास तिथेच. मग अळू दरवाज्यातून उतरायचं, धारेवर लागायचं, डांबरी रस्ता आडवा येतो तो ओलांडून परत चढ-उतार, आणि शेवटी सगळा जीव गेल्यावर बुधला माचीचा चढ. राजगड ते तोरणा बारा-चौदा किमी धर, वयाने तिशीतले लोक सहा-सात तास घेतात, तुम्हाला आठ लागतील. गुंजवण्यापासून बेरीज कर.

म्हणून चार दिवस. पहिल्या दिवशी आरामात राजगड, दुसऱ्या दिवशी तोरणा, तिसऱ्या दिवशी मोहरी, चौथ्या दिवशी नाळ आणि पायथा. रायगड पाचव्या दिवशी सकाळी ताज्या पायांनी. सुट्टी नसेल तर राजगड-तोरणा एवढंच करा आणि तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्यात उतरून घरी या, त्यात काही कमीपणा नाही.

सौ_भटके

कातळकडांना अनुमोदन. मी ५२ व्या वर्षी केला, आम्ही सात बायका होतो. चढ कोणालाच जड गेला नाही, सगळ्यांना रडवलं ते उतारांनी. तोरणा १४०३ मीटर आणि रायगड ८२०, आकडे बघून वाटतं चला आता उतारच आहे. पण मध्ये पार कोकणात जाऊन परत चढायचं असतं, आणि ते खाली जाणं गुडघ्यांच्या जिवावर.

तेव्हा बाबांना काठी द्या, दोन द्या. लाजतील, तरी द्या. आमच्यातल्या एका काकूंनी घरून पडदा लावायचा ॲल्युमिनियमचा रॉड आणला होता, हसलो आम्ही सगळ्या, आणि तिसऱ्या दिवशी तोच रॉड जो तो मागत होता. पायाची नखं निघायच्या दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नाही. उतारावर बोटं बुटाला पुढे टेकतात, नख वाढलेलं असेल तर काळं पडतं, माझं एक अजून सरळ नाही आलेलं.

आणि बीपीची गोळी एकाच सॅकमध्ये ठेवू नका, दोघांकडे अर्धी अर्धी. डॉक्टरांनाही एकदा विचारून घ्या, चार दिवस उन्हात चालणार, पाणी कमी पडणार म्हणावं.

फिरस्ता_७४

वाचतोय. पाण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

राजगडावर पद्मावतीच्या देवळाजवळ टाक्यांचं पाणी आहे, तिथून सगळ्या बाटल्या फुल्ल करून निघायचं. तिथून तोरण्याच्या माथ्यापर्यंत धारेवर पाणी नाही असंच समजून चाला. शनिवार-रविवारी वाटेत कोणीतरी लिंबूसरबत ताक घेऊन बसलेलं असतं, मिळालं तर देवाची कृपा, पण त्याच्यावर प्लॅन करायचा नाही, आम्ही बुधवारी गेलो होतो, चिटपाखरू नव्हतं. माणशी चार लिटर. चार लिटर म्हणजे चार किलो, म्हणून बाकीच्या सॅकमधलं सामान कमी करा. जीन्स, जाड टॉवेल, पॉवरबँक दोन दोन, असलं काही नको.

तोरण्यावर मेंगाईच्या देवळाजवळ टाकं आहे, गाळून उकळून प्या. त्यापुढे गावं लागतात, भट्टी, गेळगाणी, हारपूड, तिथे घरी मागितलं की मिळतं. पण एप्रिल-मेमध्ये त्या बायका लांबून हंड्याने पाणी आणतात हे डोक्यात ठेवून मागा, आणि मागितलंत तर हातपाय धुवायला वापरू नका. हे लिहावं लागतं याचंच वाईट वाटतं, पण बघितलंय डोळ्यांनी.

मावळतीचा_वारा

तोरण्यावर मुक्काम? गावातले लोक सांगतात रात्री थांबू नका, ब्रह्मपिशाच आहे :D

कातळकडा

दोनदा राहिलोय. पिशाच आलं नाही, उंदीर आले. मावशीने दिलेल्या दशम्या सॅकच्या कप्प्याला भोक पाडून नेल्या, आठशे रुपयांची सॅक आणि चार दशम्या. खाऊ दोरीने टांगून ठेवा. राजगडावर हीच काळजी माकडांसाठी, ती तर हातातून नेतात.

मुक्कामाचं मात्र सिरियसली सांगतो. राजगड-रायगडावर रात्री राहण्याबाबत नियम बदलत असतात, निघायच्या आधी गुंजवण्यात आणि रायगडाखालच्या पाचाडला फोन करून विचारा. जुन्या ब्लॉगवर वाचलं म्हणून गडावर जाऊन देवळात पथाऱ्या पसरू नका. राजगड, रायगड आता २०२५ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, तपासणी वाढणारच.

घाटमाथा

मुख्य मुद्दा राहिलाच. बोराट्याची नाळ कशाला?

सिंगापूरची नाळ त्याच परिसरात आहे, सिंगापूर गावातून उतरते ती दापोलीला (महाड तालुक्यातलं दापोली, ते कृषी विद्यापीठवालं नाही). मळलेली वाट आहे, गावातले लोक पूर्वी बाजाराला डोक्यावर ओझी घेऊन त्या वाटेने उतरायचे. बोराट्याची नाळ म्हणजे वरपासून खालपर्यंत दगडधोंडे, त्यात घसारा (पायाखाली सरकणारी माती-खडी), आणि शेवटी लिंगाणा या सुळक्याच्या खिंडीतून कड्याच्या पोटाने आडवं जावं लागतं तिथे पायाखाली माती सुटते. ६१ वर्षांच्या माणसाला चौथ्या दिवशी थकल्या पायांनी तिथून न्यायचं म्हणजे विनाकारण हौस.

मावळतीचा_वारा

असहमत. बोराट्याची नाळ उतरल्याशिवाय या ट्रेकला काय अर्थ? ती मधली खिंड, एका बाजूला रायलिंगचा कडा आणि दुसऱ्या बाजूला मान मोडेपर्यंत वर बघावा लागणारा लिंगाणा. सिंगापूर नाळेतून लिंगाणा दिसतो पण असा अंगावर येत नाही. आणि नाळ अवघड नाही हो, फक्त वेळ लागतो. दोर न्या तीस फुटी, बास.

घाटमाथा

लिंगाणा अंगावर आलेला बघायचा असेल तर मोहरीतून रायलिंग पठारावर जा ना संध्याकाळी. फार लांब नाही. समोर लिंगाणा, मागे रायगड, सूर्य बुडताना. त्यासाठी गुडघे गहाण टाकायची गरज नाही.

आणि "फक्त वेळ लागतो" हे वाक्य मी कायम पंचविशीतल्या पोरांकडूनच ऐकलंय. नाळेतला एक प्रॉब्लेम कोणी सांगत नाही, वरच्या माणसाच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात जातो. मोठ्या ग्रुपबरोबर मी एकदा गेलो होतो, तीस-पस्तीस लोक होते, सगळे एका रांगेत नाळेत सोडले, कोणाला काही सांगणं नाही. वरून नारळाएवढा दगड आला, माझ्या पुढच्या मुलीच्या सॅकला लागून गेला. सॅक होती म्हणून निभावलं. तुम्ही चौघेच आहात तर एकाने आडोशाला जाऊन आवाज द्यायचा, मगच दुसऱ्याने निघायचं. बोराट्याने जा नाहीतर सिंगापूरने, हे पाळा.

राजाभाऊ_कट्टा

छत्रपतींनी राजधानी राजगडावरून रायगडाला नेली तेव्हा सगळा खजिना याच बोराट्याच्या नाळेने उतरवला. त्या वाटेने जायचं भाग्य आहे हे.

निवांत

कागद?

राजाभाऊ_कट्टा

सगळ्यांना माहितीये.

निवांत

म्हणजे कागद नाही. एवढं धडधडीत आहे की राजगडावर पंचवीसेक वर्षं राजधानी होती, मग रायगडावर गेली, ६ जून १६७४ ला राज्याभिषेक तिथे झाला, आणि लिंगाण्यावर कैदी ठेवत. आता बैल, पालख्या, पेट्या घेऊन कुठल्या नाळेने उतरले ते तुम्हीच त्या घसाऱ्यावर रिकाम्या हाताने उतरून बघा आणि ठरवा.

दहीपोहे

बापरे एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. सगळं मोठ्याने वाचून दाखवलं घरी.

चार दिवस + रायगडाचा अर्धा दिवस हे मान्य झालं. बाबा "राजगडावर एक रात्र वाया" म्हणत होते, पण कातळकडा दादांचं नाळेपासून मागे यायचं गणित त्यांना पटलं, आयुष्यभर पाटबंधारे खात्यात काढलंय त्यामुळे कुठलंही काम शेवटच्या तारखेपासून मागे लावायची सवय आहे. तारीख बदलून सोमवारी निघतोय, गर्दी नको म्हणून.

नाळेवर मात्र घरात तह झालेला नाही. बाबांचं म्हणणं ते शब्दशः टाईप करतोय: "त्यांना म्हणावं मी ती नाळ उतरलोय, तेव्हा खाली आल्यावर पान्यात एका म्हातारीने आम्हाला नाचणीची भाकरी न् सुकट दिली होती, पैसे घेतले नव्हते, मला ते घर बघायचंय." पान्याला सिंगापूर नाळेनेही जाता येईलच ना?

मावसभाऊ म्हणतो जीपीएक्स फाईल (मोबाईलवर वाटेची रेघ दाखवते ती) डाउनलोड केलीये, वाटाड्या कशाला.

महाडकर

तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. मी खालच्या बाजूचा, माझं आजोळ त्याच काळ नदीच्या खोऱ्यातलं. घाटमाथ्यावरचे लोक ट्रेक नाळ उतरली की संपला असं धरतात, म्हणून खालच्या बाजूचं लिहितो.

नाळ उतरून आलात की हवा बदलते, जानेवारी असला तरी. वर थंडीने कुडकुडत होतात आणि खाली दुपारी एक वाजता घाम पुसताय. पाने आणि दापोली दोन्ही याच खोऱ्यात आहेत, सिंगापूरने उतरलात तरी पान्याला जाता येईल, थोडं जास्त चालावं लागेल एवढंच, वाट गावातच विचारा. तिथून रायगडवाडी दुपारच्या उन्हात चालणं जिवावर येतं, माझं मत विचाराल तर त्या दिवशी तिथेच थांबा नाहीतर मिळेल त्या गाडीने पुढे जा. गाडीने गेलं म्हणून कोणी फाशी देत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चित्त दरवाज्याने गड चढा, ऊन वर यायच्या आत महादरवाजा गाठायचा. गडावरून उतरलात की पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी जाऊन या, बरेच ट्रेकर एसटीच्या घाईत ते विसरतात. पाचाडहून महाड पंचवीसेक किमी आहे, शेवटची एसटी किती वाजता ते सकाळीच विचारून ठेवा.

भाकरीच्या म्हातारीचं घर... चाळीस वर्षं होतील. पण गावात नाव सांगितलंत तर कोणीतरी सांगेल. नाव माहितीये का बाबांना?

दहीपोहे

नाही ना. "दारात फणस होता" एवढंच.

महाडकर

दारात फणस नसलेलं घर दाखवा कोकणात :)

फिरस्ता_७४

मावसभावाला सांगा जीपीएक्स ठेव पण त्याच्यावर विसंबू नको. आम्हीही होतो असेच हुशार. गेळगाणीच्या पुढे मोबाईलवर निळी रेघ सरळ दिसत होती, पायाखालीही छान मळलेली वाट होती, चाललो पाऊण तास, आणि ती वाट एका झऱ्यापाशी जाऊन संपली. आजूबाजूला शेण. ढोरवाट होती. म्हशी पाणी प्यायला जातात ती. रेघ कोणीतरी चार वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर काढलेली, मध्ये रान वाढलेलं, बांध घातलेले. परत फिरेपर्यंत दीड तास गेला आणि मोहरीत अंधारात पोचलो, कुत्री अंगावर आली.

तोरणा ते मोहरी या एका दिवसासाठी भट्टीतून कोणीतरी बरोबर घ्या. राजगड-तोरणा धार डोळ्यांसमोर दिसते, तिथे नाही घेतला तरी चालेल. आणि पैसे आधी ठरवा, ठरलेत त्यापेक्षा थोडे जास्त द्या, त्याला परत चालत घरी जायचंय हे विसरू नका.

ओस्लोचा_पक्या

इकडे नॉर्वेत बसून वाचतोय आणि जळतोय. इथे डोंगरात दर थोड्या अंतरावर दगडांच्या ढिगावर लाल रंगात इंग्रजी टी काढलेला असतो, तिथल्या ट्रेकिंग संघटनेचे लोक दरवर्षी जाऊन रंगवतात. धुकं आलं तरी एका टी वरून पुढचा शोधत जायचं. मुक्कामाला लाकडी घरं, त्यातल्या काहींत माणूसही नसतो, आपण किल्लीने उघडायचं, डबाबंद सामान वापरायचं, पैसे भरायचे. असं काही आपल्या या मार्गावर करता येणार नाही का? राजधानी ते राजधानी, काय मार्ग होईल!

निवांत

आपल्याकडेही दगडावर रंगवतात. बदाम, बाण, आणि आत दोन नावं.

सौ_भटके

पक्या, कल्पना छान आहे पण मला मनापासून नको वाटतं. खुणा आल्या की रांगा येतात, रांगा आल्या की कुरकुऱ्यांची पाकिटं. आत्ता मोहरीत पडवीत झोपायला मिळतं, मावशी चुलीवर पिठलं टाकतात, तुमची चौकशी करतात, ते तुझ्या किल्लीच्या घरात कुठून मिळणार? पण हेही खरं की त्या मावशींना महिन्यातून दोन ग्रुप मिळाले तर बरंच होईल. माझंच नक्की ठरत नाही.

दहीपोहे, एक राहिलं. राजगडावर आग्या मोहोळं असतात. सेंट, डिओ, अगरबत्ती, धूर काही नको. आणि वाळलेल्या गवतात शेकोटी तर मुळीच नको, जानेवारीत वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

कातळकडा

अजून एक. ते सात वर्षांचे जेमतेम दोनदा वापरलेले बूट. मला तेच सगळ्यात धोक्याचं वाटतंय. माळ्यावर पडून पडून तळव्यातला फोम दमट हवेने कुजतो, बाहेरून नवा कोरा दिसतो आणि तिसऱ्या तासाला तळवा पापडासारखा सुटतो. दाजींना म्हणावं आत्ताच सिंहगडाला दोनदा जाऊन या. नाहीतर सरळ हंटर शूज (ते साधे कॅनव्हासचे, रबरी तळव्याचे) घ्या, ओल्या कातळावर त्यांच्यासारखी पकड महागड्यांनाही नसते.

दहीपोहे

दाजींना सांगितलं. ते म्हणाले युरोपियन कंपनी आहे.

निवांत

वाखुसा (वाचनखूण साठवली). वृत्तांताची वाट बघतोय. विशेषतः तळव्याच्या.

दहीपोहे (जानेवारी)

आलो काल. बोटं सोडून सगळं दुखतंय म्हणून टाईप करतोय.

तळवा दुसऱ्या दिवशी गेला. राजगड उतरून डांबरी रस्ता ओलांडला तोवर ठीक होतं, पुढच्या चढाला दाजींच्या उजव्या पायातून फटक फटक आवाज यायला लागला, बघतो तर टाचेपासून अर्ध्यापर्यंत उघडलेला, आतून काळा भुगा पडतोय. दाजी एक शब्द बोलले नाहीत, आम्हीही नाही. बाबांनी सॅकमधून सुतळीचा तोडा काढला (हा माणूस सुतळी घेऊन आला होता!), बुटाला पार्सल बांधतात तशी आडवी-उभी बांधली, गाठ वरच्या बाजूला. अर्ध्या तासाने डावा गेला. त्याला मावसभावाच्या टीशर्टच्या पट्ट्या. बुधल्याच्या शिडीवर दाजी चढत होते तेव्हा खालून दिसत होतं, तळवा जिभेसारखा लोंबतोय. तोरण्यावर साडेपाचला पोचलो, म्हणजे चार दिवसांच्या प्लॅनमुळेच उजेड मिळाला, तीन दिवसांच्या प्लॅनमध्ये आम्ही तेव्हा धारेवर टॉर्च शोधत असतो.

खाऊ टांगला. उंदीर दोरीवरून आले.

तिसऱ्या दिवशी भगत दरवाज्याने उतरून भट्टी. सकाळी उतारावर गवतावर दव होतं, मी तीनदा बसलो, बाबा एकदाही नाही, काठ्या टेकत बारकी बारकी पावलं टाकत गेले. भट्टीत एक मामा बरोबर आले, बूट बघून म्हणाले "हे काय आणलंय" आणि घरातून स्वतःच्या जुन्या रबरी चपला दाजींना आणून दिल्या. एक नंबर लहान. दाजींनी पुढचं सगळं त्या चपलांवर केलं, सॉक्स घालून.

मोहरीत साडेचारला. सामान टाकून लगेच रायलिंगवर गेलो. घाटमाथा दादा, तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्ही पडवीत आडवे झालो असतो. मी लिंगाणा फोटोत शंभरदा बघितलाय पण तिथे कड्याच्या टोकाशी बसल्यावर मधली दरी पोटात जाणवते. बाबा बराच वेळ खाली नाळेकडे बघत होते, मामांना काय काय विचारत होते, कुठे दरड आली, वाट कुठून फिरवली. मग स्वतःच म्हणाले, "सिंगापूरने जाऊ. याच्या पायात चपला आहेत." दाजींचं नाव पुढे करून सुटले की खरंच तसं होतं, मी विचारलं नाही. मावसभावाचा चेहरा पडला.

सिंगापूर नाळ सात वाजता सुरू केली, पूर्ण सावलीत उतरलो. दगड सुटतात तिथेही. मामांनी एक एक करून सोडलं, ते सांगायच्या आधीच आम्ही थांबत होतो, मामा म्हणाले शिकून आलाय वाटतं. खाली गाडी मिळाली, पान्याला गेलो. फणसवाली तीन घरं सापडली :) तिसऱ्या घरातल्या आजोबांनी बाबांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले माझी आई असेल, नसेल, ती सगळ्यांनाच भाकरी द्यायची. चहा झाला. सुकट नव्हती. बाबांनी निघताना त्या फणसाच्या खोडाला हात लावला, मी मुद्दाम फोटो नाही काढला.

रायगड पाचव्या दिवशी पहाटे. बाबा, मी आणि मावसभाऊ चित्त दरवाज्याने. दाजी रोपवेने वर आले आणि होळीच्या माळावर ताक पीत बसले होते, आम्हाला बघून म्हणाले एवढा वेळ?

महाडकर

तिसऱ्या घरातले आजोबा कोण ते बहुतेक कळलं मला. आईला विचारून सांगतो.

कातळकडा

मस्त. मामांच्या चपला परत केल्या का?

दहीपोहे

नवीन घेऊन पाठवतोय, दोन जोड. दाजींनीच घेतल्या, नंबर विचारून.

मावळतीचा_वारा

बोराट्याची नाळ राहिली ना पण.

दहीपोहे

मावसभाऊ तुम्हाला मेसेज करणारे.

पावसाळी_बेडूक

भारी धागा! वाचून लगेच ग्रुप तयार केला, आठ जण आहोत. जुलैमध्ये केला तर चालेल का? नाळेत धबधबे असतात म्हणे.

घाटमाथा

नाळ हाच धबधबा असतो. नोव्हेंबरात या.